आधी काय दिसलं होतं?

नाशिकमध्ये मी मोटारसायकलवरून पडलो तो रस्ता मला झोपेतही पाठ होता. पंधरा वर्षं रोज तोच. म्हसरूळहून निघायचं, दिंडोरी नाका, मखमलाबाद नाका, रामवाडीचा पूल, अशोकस्तंभ, सीबीएस, मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक आणि मग अंबड एमआयडीसी. साधारण 14 किलोमीटर. कुठल्या स्पीडब्रेकरला डावीकडून फट आहे, कुठल्या चौकात खडी कायम सांडलेली असते, सगळं तोंडपाठ. आणि 2019 च्या जुलैत, भुरभुर पावसात, जेमतेम 40 च्या वेगात मी उंटवाडीजवळ आडवा झालो.

पुढे एक रिक्षा होती. डावीकडच्या फुटपाथवरून एका बाईंनी हात केला. रिक्षा एकदम डावीकडे दाबली आणि थांबली. मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन आवळले आणि नेमकं त्या क्षणी पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. ओला पट्टा डांबरासारखा धरत नाही, साबणासारखा सोडतो. चाक सटकलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं, डाव्या बाजूचं कॉलरबोन मात्र गेलं. सहा आठवडे हात गळ्यात.

घरी बघायला येणारा प्रत्येक जण रिक्षावाल्यांचा उद्धार करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मलाही बरं वाटायचं. पाचव्या दिवशी नाना आले. नाना म्हणजे आमच्या कंपनीतले सेफ्टीचे साहेब. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, तरुणपणी राजदूत, मग येझदी, मग मिळेल ती गाडी चालवलेला माणूस. त्यांनी हाताची चौकशी केली, बिस्किटाचा पुडा आईच्या हातात दिला आणि सरळ खुर्ची ओढून बसले.

"त्या बाईंनी हात केलेला तुला दिसला होता?"

"हो ना. दुसऱ्या हातात हिरवी छत्री होती त्यांच्या."

"रिक्षा रिकामी होती?"

"रिकामीच."

"रिकामी रिक्षा, वरून पाऊस, समोर हात केलेलं गिऱ्हाईक. आता रिक्षाने दुसरं काय करायचं असतं?"

मी गप्प.

"छत्रीचा रंग सांगतोस राव, आणि ब्रेक मारलास तो रिक्षा थांबल्यावर!"

मला नानांचा खरं तर रागच आला. हात मोडलेल्या माणसाशी असं कुणी बोलतं का? पण रात्री कुशीवर वळता येईना, तेव्हा छतावरच्या पंख्याकडे बघत मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. हात वर गेला आणि रिक्षा वळली, यात निदान दोन सेकंद होते. 40 च्या वेगात सेकंदाला 11 मीटर जातात. म्हणजे मी 22 मीटर नुसता बघत गेलो होतो.

कामावर रुजू झालो त्या दिवशी नानांनी टेबलावर पिवळ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला. एमआयडीसीत काम केलेल्याला ही कार्डं माहीत असतात. 'निअर मिस'ची. तेलावर पाय घसरला पण पडला नाही, वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, असं काही झालं की कार्ड भरायचं. आमच्या शॉपच्या भिंतीवर त्याचा त्रिकोणही रंगवलेला आहे. 1931 मध्ये हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने मांडलेला: एका मोठ्या अपघातामागे 29 किरकोळ आणि 300 बिनइजेचे प्रसंग. त्या आकड्यांवरून सेफ्टीवाले आजही आपापसात भांडतात. नानांनाही आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की खालचे प्रसंग फुकटात शिकवतात, वरचा प्रसंग फी घेतो.

"कारखान्यात आठ तास असतोस, त्याची महिन्याला दोन कार्डं भरतोस. रस्त्यावर रोज दीड तास मरायला मोकळा असतोस, त्याची कार्डं कोण भरणार?"

कार्डं कंपनीची, ती घरी नेणं बरं दिसेना. मी शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले. तारीख. ठिकाण. काय होता होता राहिलं. आणि चौथा रकाना नानांनी सांगितलेला: आधी काय दिसलं होतं?

पहिल्या आठवड्यात वही कोरीच राहिली, कारण मला वाटायचं की काही होतच नाही. मग लक्षात आलं, होत होतं, पण 'थोडक्यात वाचलो' म्हणून शिवी हासडून मी पुढच्या चौकापर्यंत ते विसरत होतो. रोज कंपनीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढायच्या आधी दोन मिनिटं आठवायची सवय लावली तेव्हा नोंदी यायला लागल्या. एक अशी आहे: 'ठक्कर बाजारसमोर थांबलेल्या बसच्या पुढून मुलगा पळत आला. आधी: बसच्या खालून पलीकडे दोन पाय दिसले होते, पळायच्या बेतात.' दुसरी: 'अशोकस्तंभाजवळ उभ्या कारचं दार उघडलं. आधी: मागच्या काचेतून ड्रायव्हरचं डोकं दिसलं होतं, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला होता.' तिसरी लिहिताना मला माझीच लाज वाटली: 'सिडकोत चेंडू रस्त्यावर आला, मागून पोरगं आलं. आधी: चेंडू.'

दोन-तीन महिन्यांनी वही चाळली तर चौथा रकाना जवळजवळ सगळीकडे भरलेला. 'अचानक आला' असं जे मी जन्मभर म्हणत आलो होतो, त्यातलं अचानक फारच थोडं होतं. डोळे त्यांचं काम चोख करत होते. त्यांनी आणलेली बातमी आत कुणी वाचतच नव्हतं. पोस्टमन रोज येतोय आणि पत्रं पायरीवर साचतायत, असा प्रकार.

याच सुमारास हातांचंही शिक्षण सुरू केलं. ब्रेक मारणं ही शिकायची गोष्ट आहे हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. माझी शाईन मोटारसायकल 2014 ची, ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस वगैरे काही नाही. रविवारी सकाळी तपोवनाकडच्या मोकळ्या जागेत डांबराचा एक सरळ तुकडा शोधला, कडेला वीट ठेवली. 40 ने यायचं आणि विटेशी आलं की थांबायचं. पहिल्या रविवारी माझ्या जुन्या सवयीने, म्हणजे सगळा भरवसा मागच्या ब्रेकवर टाकून, 24 पावलं लागली आणि मागचं चाक शेपूट हलवल्यासारखं हललं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला कितीही आवळा, ते घसरणार. थांबवण्याचं मुख्य काम पुढचंच चाक करतं. पण तोही ब्रेक झटक्याने मारायचा नाही. आधी हलका दाबायचा, वजन पुढे येऊ द्यायचं, मग लिंबू पिळतो तसा पिळत जायचा. मी उंटवाडीत लिंबू पिळलं नव्हतं, फोडलं होतं, तेही ओल्या पट्ट्यावर. चौथ्या रविवारी 15 पावलांत थांबायला लागलो. तेव्हापासून गर्दीत माझी दोन बोटं कायम लिव्हरवर टेकलेली असतात. दाबलेली नाही, टेकलेली.

60 ने येऊनही एकदा पाहिलं. वेग दीडपट, पण थांबायला लागलेली पावलं दुपटीहून जास्त. शाळेत वेगाचा वर्ग वगैरे शिकलो होतो, पण ते गणित पायाने मोजल्यावर पोटात गेलं. पुन्हा 60 ने विटेकडे गेलो नाही.

नानांचा दुसरा उपाय ऐकून मात्र मी हसलो होतो. "हेल्मेटमध्ये बोलत चालव. जे दिसतं ते मोठ्याने बोल आणि ते काय करू शकतं तेही बोल." म्हणजे असं: 'पांढरी व्हॅन, उभी, धूर निघतोय, निघणार. स्कूटीवाल्या ताई, डावा इंडिकेटर मघापासून चालू, विसरल्यात. कुत्रा थांबला, दुसरा मागे असणार. समोर ओलं का? पाऊस नाही, टँकर गेलाय.' पहिले काही दिवस जीभ डोळ्यांच्या मागे पडायची. बोलेपर्यंत ते ठिकाण मागे गेलेलं. हळूहळू कळलं की जीभ पुरत नाही म्हणजे वेग जास्त आहे. रामवाडीच्या पुलावर एकदा शेजारी थांबलेल्या काकूंनी काच खाली करून विचारलं, "मला काही म्हणालात का?" मी म्हणालो, "नाही हो, गाडीशी बोलतोय." त्यांनी काच वर घेतली आणि सिग्नल सुटल्यावर मला चांगलं दहा फूट अंतर देऊन गेल्या. सुरक्षित अंतर राखण्याची तीही एक पद्धत.

अंतराचंच निघालं म्हणून. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की नाना दोनदा 'राम कृष्ण हरी' म्हणायला सांगायचे. ते संपायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात चारदा. आपल्याकडे एवढी जागा सोडली की तिच्यात लगेच कुणीतरी घुसतं, हे खरं आहे. घुसू द्यायचं आणि पुन्हा म्हणायला सुरुवात करायची. मी दिवसाकाठी बराच नामजप करतो हल्ली.

यानंतर एक वाईट काळ आला, त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. मला सगळीकडे धोकाच दिसायला लागला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू, प्रत्येक रिक्षामागे ब्रेक. मागचे हॉर्न मारून हैराण करायचे, कंपनीत पोचेपर्यंत मान अवघडलेली. खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडे बघत राहायचो आणि चाक बरोबर त्याच खड्ड्यात जायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा बघणाऱ्यापुढे खड्डा. जिकडे नजर तिकडे गाडी, हे दुचाकीचं साधं कुलशील आहे. खड्डा एकदा पाहून घ्यायचा आणि मग नजर त्याच्या शेजारच्या वाटेवर ठेवायची. हे वाचायला सोपं आहे. मला दोन महिने लागले आणि एक रिम वाकली.

नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सगळं बघतोस म्हणून दमतोस. खांब पळत येणार आहे का अंगावर? जे हलू शकतं तेच बघ. आणि हलणाऱ्यात चाक बघ, चेहरा नको."

चाक बघ! या दोन शब्दांनी माझा निम्मा ताण गेला. कडेला उभी गाडी निघणार की नाही हे ड्रायव्हरच्या तोंडावरून कळत नाही, इंडिकेटरवरून तर नाहीच. पुढचं चाक मात्र खोटं बोलत नाही. ते आधी वळतं, गाडी मागून येते. मुंबई-आग्रा महामार्गावर हे फारच कामाला आलं. तिथे ट्रकचा उजवा इंडिकेटर चालू असला की त्याचे निदान तीन अर्थ असतात: मी उजवीकडे वळतोय, तू उजवीकडून खुशाल पुढे जा, किंवा परवा चालू केला होता आणि बंद करायचा राहिलाय. आडगाव नाक्यावर मी दुसरा अर्थ धरून निघालो होतो, त्याच्या मनात पहिला होता. ती नोंद वहीत लाल पेनाने आहे. आता इंडिकेटर बघतो, पण निर्णय चाकावरून घेतो. ट्रक कट घ्यायच्या आधी डावीकडे थोडी जागा करून घेतो, तेही कळायला लागलं.

ट्रकवरून आठवलं. या सगळ्या शिक्षणातली सर्वांत मोठी गोष्ट मी गाडीवर बसून शिकलोच नाही. कंपनीत कच्चा माल घेऊन येणारा एक ट्रक होता, त्याचे ड्रायव्हर शिरपूरकडचे, आमच्या कॅन्टीनमध्ये चहाला बसायचे. एकदा मी त्यांच्याकडे तक्रार केली की तुम्ही लोक आम्हाला बघत नाही. ते म्हणाले, "दादा, तुमची गाडी लावा माझ्या शेजारी, आणि चढा वर." मी शाईन ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या जरा मागे उभी केली. रोज सिग्नलला मी तिथेच घुसून थांबायचो. केबिनमध्ये चढलो. सीटवरून डाव्या आरशात पाहिलं: ट्रकची कड, मागची भिंत, लांब उभा असलेला सिक्युरिटीचा माणूस. माझी गाडी नाही. पुढे वाकलो, तेव्हा हँडलला अडकवलेल्या माझ्या लाल हेल्मेटचा टवका दिसला, टिकलीएवढा. पुन्हा मागे टेकलो, टिकली गेली. समोरच्या काचेतून पाहिलं तर बंपरच्या पुढे माणूस उभा राहिला तरी त्याचं डोकं दिसेल न दिसेल. आणि काचेच्या कडेचा तो खांब, त्याच्या आड तर अख्खी मोटारसायकल मावते.

"दिसली का?" त्यांनी खालून विचारलं. ते माझ्याच गाडीवर बसले होते. मला ते दिसले नव्हते, आवाज आला म्हणून कळलं.

त्या दिवसापासून साधा हिशोब ठेवलाय. आरशात ड्रायव्हरचा चेहरा मला दिसत असेल तरच मी त्याला दिसण्याची शक्यता आहे. नसेल दिसत, तर मी तिथे नाहीच असं धरून चालायचं आणि लवकरात लवकर तिथून निघायचं, मागे नाहीतर पुढे. समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या कारचंही तसंच. छोटी वस्तू माणसाच्या डोळ्याला आहे त्यापेक्षा लांब वाटते. तिच्या वेगाचा अंदाजही नीट लागत नाही. कारवाला बघतो, बघूनही वळतो, आणि मग खरंच मनापासून म्हणतो की दिसलाच नाहीत हो. म्हणून चौकाकडे जाताना मी लेनमधल्या लेनमध्ये थोडा डावी-उजवीकडे सरकतो. हलणारी गोष्ट लवकर नजरेत भरते. आणि दिवसाही दिवा लावून ठेवतो. 1 एप्रिल 2017 नंतरच्या दुचाक्यांचा दिवा आपोआप चालूच असतो, माझी त्याआधीची. त्यामुळे अजूनही रोज कुणीतरी भला माणूस पंजा उघडझाप करून "काका, लाइट!" म्हणून सांगतो. मी हात दाखवून आभार मानतो. म्हणजे त्याला मी दिसलो.

2020 च्या टाळेबंदीनंतर कारखाने सुरू झाले तेव्हा रस्ते मोकळे होते आणि वही जवळजवळ रिकामी. पण मोकळ्या रस्त्यावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्या काळातल्या नोंदी थोड्या, पण ज्या आहेत त्या भयानक आहेत. असो.

नाशिकचे म्हणून काही धोके आहेत, ते पंचांगासारखे येतात. संक्रांतीच्या आधीपासून नजर जमिनीवर ठेवून भागत नाही, वर ठेवावी लागते. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी तो येतोच आणि दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्याशी येतो. एका जानेवारीत दिंडोरी नाक्याच्या अलीकडे माझ्या मफलरची वीण कापली गेली, गळ्यापर्यंत पोचला नाही एवढंच. आधी काय दिसलं होतं? रस्त्याच्या कडेला तीन पोरं, हातात काटेरी फांदी, माना वर. पतंग कटला होता आणि त्याचा मांजा रस्त्यावर आडवा उतरत होता. मला पोरं दिसली, मी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं, आम्हीही लहानपणी असेच मांजाची आसारी, म्हणजे फिरकी, घेऊन गच्च्यांवर दिवस काढायचो. कौतुक करायच्या ऐवजी गाडी थांबवायला पाहिजे होती. आता त्या महिन्यात हँडलला तारेची कमान लावतो, गळ्याला जाड पट्टा बांधतो, आणि वर बघणारं माणूस दिसलं की मीही वर बघतो.

सासुरवाडी वणीची, त्यामुळे दिंडोरी रस्त्याला वारंवार जाणं होतं. द्राक्षाच्या पट्ट्यात रस्त्यावर काळ्या मातीची ढेकळं दिसली की समजायचं, पुढच्या वळणाच्या आसपास बागेचं फाटक आहे आणि ट्रॅक्टर नुकताच बाहेर पडलाय किंवा पडतोय. ढेकळं सुकी असतील तर सकाळची, ओली असतील तर आत्ताची. पावसात हीच माती लोण्यासारखी होते. हिवाळ्यात पहाटे धुकं, आणि त्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. ती दिसत नाही, पण रस्त्यावर पडलेलं पाचट दिसतं. नवरात्रात आणि चैत्रात देवीच्या सप्तशृंगी गडाला पायी जाणारी माणसं, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर दिंड्या. गाद्या, भांडी लादलेला टेम्पो गोगलगाईसारखा चाललेला दिसला की किलोमीटरभरात माणसं आहेतच. घोळका सहज दिसतो, पण पाय दुखतोय म्हणून सगळ्यांच्या मागे लंगडत चाललेला, काळी घोंगडी पांघरलेला एकटा म्हातारा दिसत नाही. घोळका संपला की मी वेग वाढवत नाही, त्या म्हाताऱ्यासाठी थांबतो. बहुतेक वेळा तो असतोच.

आणि गंगापूर रोडकडची रस्त्याच्या मधोमध उभी असलेली झाडं. रस्ते रुंद झाले, झाडं होती तिथेच राहिली. झाड वाचवायचं की रस्ता मोकळा करायचा हा वाद नाशिककरांनी वर्षानुवर्षं घातलाय. मी झाडाच्या बाजूचा आहे, पण रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांत गेल्यावर बुंध्यावरचं रेडियम हाच काय तो देव असतो, आणि ते बरेचदा सोललेलं असतं. झोत आला की मी नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर नेतो आणि ॲक्सिलरेटर सोडतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं, तेव्हा एकाच हेल्मेटवर चार जण आळीपाळीने पेट्रोल भरताना मी पाहिलेत. चौघांनाही हेल्मेट कशासाठी ते नीट माहीत होतं: पंपावरच्या माणसासाठी.

दुसऱ्या वर्षी मी वहीत पाचवा रकाना आखला: 'मन'. नानांनी नाही सांगितला, माझाच. कारण एका रात्री नोंदी वाचताना आठवलं की त्यातल्या काही दिवशी घरून भांडून निघालो होतो. मग लिहायला लागलो. राग. घाई. तिसरी पाळी. भूक. पगार झाला. हो, पगाराच्या दिवशीही दोन नोंदी आहेत. तिसऱ्या पाळीनंतर सकाळी घरी जातानाच्या सर्वांत जास्त. त्या नोंदींत चौथा रकाना फार विचित्र आहे, 'काही आठवत नाही' असं लिहिलेलं. डोळे उघडे होते, गाडी सरळ होती आणि मायको सर्कल कधी गेलं ते कळलं नाही. आता तिसरी पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये वीस मिनिटं डोकं टेकवून बसतो. सुपरवायझर हसतात. हसू देत.

हे सगळं करता करता कधीतरी हेल्मेटमधलं बोलणं बंद झालं. ठरवून नाही. एक दिवस लक्षात आलं की अशोकस्तंभ ते सीबीएस मी तीनदा ॲक्सिलरेटर सोडला, एकदा लेन बदलली, आणि मनात मात्र मुलीच्या फीचा हिशोब चालू होता. हात आपले आपण वागत होते. मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, कारण पडलो त्या दिवशीही हात आपले आपणच वागत होते. फरक काय, हे मला वहीवरूनच तपासता यायचं. हातांनी काही केलं की संध्याकाळी विचारायचं, का केलंस? चौथ्या रकान्यात उत्तर मिळालं तर ठीक.

एकदा ते मिळालं नाही. 2023 च्या जुलैतली गोष्ट. सिन्नरला एका सप्लायरकडे निघालो होतो. मोहदरी घाट, पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता चकचकीत. पुढे वाहन नाही, मागे लांब एक एसटी. डावीकडच्या एका वळणाच्या आधी मी वेग उतरवला, इतका की मलाच आश्चर्य वाटलं. गिअर कमी केला, गाडी सरळ ठेवली, वळण अगदी आजोबांसारखं घेतलं. आणि वळणाच्या मध्यावर, नेमक्या माझ्या नेहमीच्या रेषेवर, इंद्रधनुष्य पसरलेलं होतं. जांभळं, हिरवं, पिवळं. टाकी तोंडापर्यंत भरलेल्या कुठल्यातरी ट्रकने वळणावर डिझेल सांडलं होतं. नेहमीच्या वेगात, नेहमीइतकी गाडी कलती असती तर कॉलरबोनवर भागलं नसतं. पुढे जाऊन गाडी कडेला लावली आणि मागून येणाऱ्या एसटीला दोन्ही हात हलवून हळू केलं.

रात्री वही उघडली. आधी काय दिसलं होतं? काहीच नाही. वळणाआधी रस्त्यावर रंग दिसत नव्हता, मला खात्री आहे. कुणी हात केला नव्हता, घसरल्याच्या खुणा नव्हत्या. रकाना रिकामा ठेवला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "देवीनेच वाचवलं." तिचं माहेर गडाच्या वाटेवर, तिच्याशी या विषयावर वाद घालायची माझी टाप नाही. पण रिकामा रकाना डोक्यातून जाईना.

चार दिवसांनी पंपावर उभा होतो. माझ्या टाकीत पेट्रोल चाललेलं, पलीकडच्या नळीवर एक पिकअप डिझेल भरत होती. नळी काढताना थोडं सांडलं. आणि तो वास हेल्मेटच्या अर्ध्या उघड्या काचेतून आत आला तसा माझा उजवा हात आपोआप सैल पडला, पिळलेलं काही सोडावं तसा. गाडी बंद होती, स्टँडवर होती, सोडायला ॲक्सिलरेटर नव्हताच. तरी हात सुटला. घाटातही काच अर्धी उघडीच होती, वारा समोरून वर येत होता.

"काका, सरका ना पुढे!"

मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की टाकी केव्हाच भरली होती आणि मी झाकण हातात धरून उभा होतो.

रात्री रिकाम्या रकान्यात लिहिलं: 'डिझेलचा वास.' वरच्या मथळ्यातलं 'दिसलं' खोडायला पेन उचललं, पण पुढच्या सगळ्या पानांवर तो मथळा आधीच आखून ठेवला होता. राहू दिला.